जुना संगणक, नवा ब्राउझर : कोठवर निभावेल?

संगणक बंद पडला तर माणूस दुरुस्ती करणाऱ्याला बोलावतो. पण संगणक सुरू आहे, हिशेब होतो, छपाई होते आणि तरीही जीएसटीचे पान उघडत नाही किंवा बँकेचे पान अर्धवट दिसते, तेव्हा कोणाला बोलवायचे? सातारा-सांगली भागातील लहान व्यापारी बांधवांकडून हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. प्रश्न दिसायला तांत्रिक आहे. परंतु त्यात विवरणपत्राचा दंड, बँकेतील रक्कम आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रे अशा तीन गोष्टी अडकलेल्या आहेत. म्हणून आज त्याचा जरा सविस्तर विचार करू.

रहिमतपूरचे उदाहरण घेऊ. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचे, कोरेगाव तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या वाचकांना रणदुल्लाखानाच्या मकबऱ्यामुळे ठाऊक आहे. अशा बाजारपेठेच्या गावातला एखादा छापखाना डोळ्यासमोर आणावा. लग्नपत्रिका, बिलबुके, जलशाची हँडबिले हे तेथले रोजचे काम. मराठी मजकूर पेजमेकरमध्ये श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये आणि उर्दू मजकूर इनपेजमध्ये. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आली आणि या दोघांची जी जोडी जमली ती कायमची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचे १९९४ पासूनचे इनपेज यांच्या जुन्या प्रतींना डोंगल लागे; तो डोंगलही जुन्याच यंत्राला ओळखतो. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने त्याच हार्ड डिस्कवर पडलेले असतात. नव्या विंडोजवर ही मंडळी एकत्र नीट नांदत नाहीत. म्हणून छापखानेवाला जुनी यंत्रणा सोडत नाही, आणि आमच्या मते त्यात त्याचे काही चुकत नाही.

चूक होते ती पुढे. त्याच यंत्राला इंटरनेटची तार जोडली जाते. त्यावरच विवरणपत्र भरले जाते, बँकेचा पासवर्ड टाकला जातो, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आधार-पॅनच्या प्रती काढल्या जातात. आणि मग पाने उघडेनाशी झाली की एक्सपीवर किंवा विंडोज ७ वर 'नवा ब्राउझर कसा चालवायचा' याची शोधाशोध सुरू होते.

पान का उघडत नाही

ब्राउझर एखाद्या साइटकडे जातो तेव्हा प्रथम तिची ओळख विचारतो. साइट आपले सर्टिफिकेट दाखवते. त्यावर दुसऱ्या मोठ्या संस्थेची साक्ष असते आणि त्या साक्षीदार संस्थांची यादी संगणकात आधीपासून साठवलेली असते. ओळख पटली की दोघे सांकेतिक भाषेत बोलू लागतात. या भाषेला टीएलएस म्हणतात. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ टीएलएसची फक्त १.० ही पहिली बोली जाणतो. ती बोली आणि तिच्या पुढची १.१ ही दोन्ही असुरक्षित ठरली व २०२० साली प्रमुख ब्राउझरांनी त्यांना निरोप दिला. सरकारी आणि बँकेच्या साइट १.२ किंवा १.३ मध्येच बोलतात. म्हणजे दार उघडे आहे, पण आत चाललेली भाषा आपल्या पाहुण्याला येत नाही.

साक्षीदारांची यादी जुनी झाल्यानेही अडते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था लाखो साइटना फुकट सर्टिफिकेट देते. तिच्या मागे साक्षीला उभे असलेले एक जुने मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ रोजी मुदत संपून बाद झाले. ज्या जुन्या यंत्रांच्या यादीत तिचे नवे मूळ सर्टिफिकेट नव्हते, त्यांना कालपर्यंत उघडणाऱ्या कितीतरी साइट एका रात्रीत बंद झाल्या. यंत्रात काहीच बिघडले नव्हते.

तिसरे कारण सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच ते कोणी पाहत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग आजचे सर्टिफिकेट ब्राउझरला 'अजून सुरूच न झालेले' वाटते आणि तो प्रत्येक पानावर लाल इशारा दाखवतो. कारागिराला पैसे देण्याआधी उजव्या कोपऱ्यातील तारीख आणि साल पाहून घ्यावे.

ओळख पटली, भाषा जुळली, तरी पानाचा मजकूर नव्या धर्तीच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असतो. जुन्या ब्राउझरला त्यातला काही भाग वाचताच येत नाही. पान दिसते, पण 'सबमिट' दाबले तर काहीच होत नाही, किंवा नुसतेच पांढरे पान समोर येते. महिन्याचे विवरणपत्र भरणाऱ्याला २० तारखेच्या रात्री हा प्रकार महागात पडतो. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दररोज ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असेल तर २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या माणसाने निव्वळ जुन्या ब्राउझरपायी ते भरावे, हे बरे नव्हे.

मग नवा ब्राउझरच का बसवू नये? कारण ब्राउझर हा प्रणालीच्या पायावर उभा असतो. खिडकी उघडणे, फाइल ठेवणे, स्मृतीचा हिस्सा मागणे ही कामे तो प्रणालीकडून करवून घेतो. नवा ब्राउझर ज्या सोयी मागतो त्या जुन्या विंडोजमध्ये नसल्या की तो सुरूच होत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने एखाद्या प्रणालीचा पाठिंबा थांबवला की ब्राउझर बनवणारेही काही काळाने हात काढून घेतात. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तिच्यावर चालणारा क्रोम २०१६ मध्ये ४९ व्या आवृत्तीवर थांबला आणि फायरफॉक्स ५२ ची साथ २०१८ मध्ये सुटली. विंडोज ७ चा सर्वसाधारण पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पैसे भरून घ्यायची मुदतवाढ जानेवारी २०२३ मध्ये संपली आणि क्रोम १०९ हा तिच्यावरचा शेवटचा क्रोम ठरला. विंडोज ८.१ चेही तेच झाले.

तात्पुरते उपाय आणि त्यांची किंमत

विंडोज ७ वाल्यांना एक आधार मिळाला तो फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा. ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. जुन्या विंडोजवर अजून बरेच लोक आहेत हे पाहून मोझिलाने तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत एकापेक्षा अधिक वेळा वाढवली आणि ती २०२६ सालात नेली. फायरफॉक्सचा एक गुण असा, की साक्षीदार संस्थांची यादी तो विंडोजकडून उसनी घेत नाही, स्वतःची बाळगतो. त्यामुळे जुन्या यंत्रावर क्रोमपेक्षा तो अनेकदा बरा चालला. पण येथेही ढिलाई चालत नाही. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाचे एक मूळ सर्टिफिकेट कालबाह्य झाले. ज्यांनी ११५ ची ११५.१३ पर्यंतची दुरुस्ती करून घेतली नव्हती, त्यांच्या ब्राउझरमधील जोडण्यांवर त्याचा परिणाम झाला. मुदतवाढ हे उसने आयुष्य आहे. त्याच्या भरवशावर पुढच्या पाच वर्षांचा बेत आखू नये.

दुसरा मार्ग हौशी जाणकारांनी काढला. क्रोम ज्या क्रोमियम नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर बेतलेला आहे, तेच घेऊन त्यांनी 'सुपरमियम' नावाचा ब्राउझर तयार केला. जुन्या विंडोजमध्ये नसलेल्या सोयी तो स्वतःच पुरवतो आणि एक्सपी, व्हिस्टा, ७ यांवर चालतो. फायरफॉक्सच्या धर्तीवरचा 'मायपाल' एक्सपीसाठी आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेले काम दोन-चार माणसांनी फुरसतीत करून दाखवावे, याचे आम्हाला कौतुक वाटते. बातम्या वाचणे, तारखा पाहणे, एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका उतरवून घेणे एवढ्यासाठी ते जरूर वापरावेत. बँकेसाठी मात्र नाही. क्रोममध्ये एखादे भगदाड सापडले की त्याची दुरुस्ती या ब्राउझरांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि त्यामागे उभी असलेली माणसे थकली तर ती पोहोचणारही नाही. शिवाय ब्राउझर नवा झाला तरी खालची विंडोज जुनीच राहते. कुजलेल्या चौकटीला नवे कुलूप लावल्यासारखे ते आहे.

तिसरी एक युक्ती सर्रास सांगितली जाते, ती वेशांतराची. प्रत्येक ब्राउझर साइटला आपले नाव व आवृत्ती सांगतो. जोडणी बसवून ते नाव बदलता येते. साइट फक्त नाव पाहून अडवत असेल तर काम होते. तिला खरोखरच नव्या सोयींची गरज असेल, तर आत गेल्यावर पान मोडते, आणि पैसे कापले गेले की नाही हे न कळता आपण अधांतरी राहतो.

'फुकटातली नवी विंडोज' म्हणून जी मिळते तिच्याविषयीही बोलले पाहिजे. परवाना मोडणाऱ्या 'अॅक्टिव्हेटर'सह मिळणारी ती प्रत एक तर दुसऱ्याच्या हक्काची चोरी आहे. हलाल रोजीची चाड असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. दुसरे असे, की अँटीव्हायरस बंद करून चालवायला सांगितलेले ते छोटे सॉफ्टवेअर मागे आणखी काय ठेवून जाते, हे सांगता येत नाही.

धोका खरा की बागुलबुवा

'आमच्याकडे कोण चोर येणार?' असे पुष्कळ बांधव म्हणतात. चोर नाव-गाव पाहून येत नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल-वाटपाच्या एका दोषाची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी त्याच दोषातून 'वॉनाक्राय' हा खंडणीचा विषाणू जगभर पसरला. त्याला ब्राउझर उघडण्याचीही गरज नव्हती. एका यंत्रातून तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रात तो आपोआप जाई. नंतर असे दिसले, की बळी पडलेल्यांत एक्सपीपेक्षा विंडोज ७ ची यंत्रे फार जास्त होती. त्या वेळी विंडोज ७ ला दुरुस्त्या मिळत होत्या. मालकांनी त्या घेतल्या नव्हत्या. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती दिली.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आला. त्याची सुरुवात युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाली, आणि त्याने न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पाडले. माल हाताने हलवण्याची पाळी आली, कंटेनर अडकले. आपल्या भागातली द्राक्षे, बेदाणा, हळद जेथून परदेशी जाते तेच हे बंदर. त्या विषाणूने वॉनाक्रायचाच दोष वापरला, आणि त्याच्या जोडीला एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरकाव केला. म्हणजे एका खोलीतले एक जुने यंत्र शेजारच्या नव्या यंत्रालाही बुडवू शकते.

रिझर्व्ह बँकेने हा धडा घेतला. अनेक बँकांची एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकेने टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम पाठिंबा असलेल्या प्रणालीवर आणण्यास सांगितले. बँकेला स्वतःच्या पेटीसाठी जे धोक्याचे वाटले, ते आपल्या गल्ल्यासाठी सुरक्षित कसे?

अँटीव्हायरस आहे ना, असे यावर उत्तर येते. या धंद्यात आपल्या जिल्ह्याचे नाव मोठे आहे. क्विक हीलचे संस्थापक कैलास काटकर सातारा जिल्ह्यातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता त्यांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली आणि बंधू संजय यांनी विषाणूनाशक तयार केले. २००७ मध्ये कंपनी क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. परंतु अँटीव्हायरस हा पहारेकरी आहे, गवंडी नव्हे. भिंतीचे भगदाड त्याला बुजवता येत नाही.

यंत्र तेच, प्रणाली दुसरी

आमचा सल्ला असा, की 'जुने यंत्र' आणि 'जुनी प्रणाली' या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. यंत्र दहा-बारा वर्षांचे असले तरी फेकायची गरज नाही. धोका प्रणालीत आहे.

छापखान्याच्या यंत्रावर एक्सपी, पेजमेकर, इनपेज आहे तसे राहू द्यावे. फक्त त्याची इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. फाइल न्यायची-आणायची तर एक पेनड्राइव्ह त्यासाठीच राखून ठेवावा आणि दर वेळी दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर तपासून घ्यावा. जुन्या पत्रिकांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आजच काढून ठेवावी, कारण ती जुनी डिस्कही कधीतरी जाणारच. जुन्या फॉन्टमधला मजकूर सरकारी अर्जात चिकटवला की तो इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी साठवलेले असते, म्हणून असे होते. ऑनलाइन कामासाठी युनिकोडमध्येच टाइप करावे.

इंटरनेटच्या कामासाठी दुसरे जुने यंत्र असेल तर त्यावर लिनक्स बसवावी. लिनक्स मिंट ही विंडोज वापरणाऱ्याला लवकर अंगवळणी पडते. तिला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तरच काम सुखाने होते. यंत्र ६४-बिटचे हवे. आपली विंडोज ३२-बिटची आहे म्हणून यंत्रही तसेच असेल असे समजू नये. २००६ पासूनचे कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४-बिटचेच आहेत. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी टाकली तर तेच यंत्र ओळखू येत नाही इतके चपळ होते. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. त्यात मूळ विंडोजला हात लागत नाही, आणि छपाई, आवाज, वाय-फाय चालते की नाही हे कळते. तिच्यावर फायरफॉक्स चालू आवृत्तीचा मिळतो आणि मराठी व उर्दू दोन्ही टाइप करता येतात.

एकट्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला जीएसटी विवरणपत्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते. डिजिटल सहीची सक्ती कंपन्या व एलएलपींना आहे. तेव्हा बहुतेक दुकानदारांचे काम लिनक्सवर अडू नये. अडचणी कोठे येतात तेही सांगितले पाहिजे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि २०२० मध्ये आलेल्या टॅली प्राइमला ६४-बिटची विंडोज लागते. गावोगावी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर बसवताना बरीच खटपट होते. सेवा केंद्रातील अंगठ्याच्या यंत्रांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडपुरतेच असते. अशा केंद्रचालकाने लिनक्सच्या नादी लागू नये.

विंडोज १० वाल्यांची गोष्ट निराळी. तिचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंगची प्रत ठेवणाऱ्याला त्या विनामूल्य, एरवी ३० डॉलर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलच्या यंत्रांत साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तसे वापरलेले यंत्र रोखीने घेणे हा मधला मार्ग आहे. हप्त्याने नवे घ्यावे तर व्याज आले. 'शून्य टक्के' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळवले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. अनेकदा ते व्याज किमतीत किंवा बुडालेल्या सवलतीत दडलेले असते.

दुसऱ्याची कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी तर अधिक जपावे. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झाले. तेव्हा गावोगावच्या मुतवल्लींना जुनी कागदपत्रे स्कॅन करून चढवण्याची घाई झाली. हज अर्जाच्या वेळी पासपोर्टच्या प्रती निघतात, शिष्यवृत्तीच्या वेळी मुलांचे आधार. ज्या दुकानात हे काम होते तेथील 'डाउनलोड्स'चा कप्पा उघडून पाहावा. गावातील निम्म्या घरांची अमानत तेथे उघडी पडलेली आढळेल. काम झाले की त्या दिवशीच तो कप्पा रिकामा करावा, आणि असे काम पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर घेऊच नये. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल.

यंत्र खरोखरच भंगारात द्यायची वेळ आली, तर आधी हार्ड डिस्क काढून घ्यावी. फाइल डिलीट केल्याने किंवा नुसते फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. डिस्कला ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडावीत. आपले अनेक बांधव भंगाराच्या धंद्यात आहेत. त्यांनीही लक्षात ठेवावे, की १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार संगणकांची मोडतोड नोंदणीकृत रिसायकलरकडेच व्हायला हवी, परसात तारा जाळून नव्हे.